दहापैकी किती

“मी चार म्हनलं हुतं,” राहीबाई म्हणाल्या, “आन् ह्या बाईंनी छान म्हनून लिवून घेतलं.”

सांगलीच्या त्या दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत शनिवारी सकाळी नऊ माणसं बसली होती. जुनाट दुखण्यांवरच्या उपचारांचा अभ्यास दीड वर्ष चालू होता. डॉक्टरांनी एकट्यांनीच प्रश्न ठरवायचे आणि रुग्णांनी नुसती उत्तरं द्यायची हे आता पुरे झालं, पुढचा अभ्यास दोघांनी एका टेबलाशी बसून आखायचा, असं डॉ. संयोगिता मॅडमनी मनावर घेतलं होतं. म्हणून चार डॉक्टर, चार रुग्ण आणि फॉर्म भरून घेणारी नर्स म्हणून दीक्षा रणपिसे. राहीबाई वाळव्याकडच्या, घरचा ऊस, एक मुलगा फौजेत. छातीतल्या गाठीचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली तरी त्यांचा डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत ठणकत असे आणि तो त्या उजव्या हाताने तान्ह्या पोरासारखा सांभाळून बसत. मॅडमनी पडद्यावर शून्य ते दहाची पट्टी दाखवली होती आणि सहज विचारलं होतं, ही समजायला सोपी जाते ना?

“छान म्हणजे काय?” मॅडमनी विचारलं.

“आवं, दहापैकी किती म्हनून इचारलं. आता साळंत पोरगं दहातलं चार घिऊन आलं तर बाप पाठ थोपटतोय व्हय? मला वाटलं, कितपत बरं हाय ते इचारत्यात. मी म्हनलं चार. म्हंजी काय बरं न्हाई. तर ह्या म्हनल्या, छान, कमी आहे की. मी घरी जाऊन मालकास्नी म्हनलं, तितं चारला छान म्हनत्यात, म्हंजी बाकीच्यांचं काय हाल असत्याल!”

खोलीत हशा पिकला. साखरेमुळे पावलांची आग होणारे निवृत्त सुभेदार नाथाजी टेबलावर हात आपटून म्हणाले, “म्हणजे रिपोर्टच उलटा गेला की वो!” राहीबाईही हसल्या. त्यांच्या हसण्यात राग नव्हता, आणि दीक्षाला तेच सोसवेना. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. “दीक्षा, आपण पूर्ण वाक्य वाचून दाखवतो ना प्रत्येकाला?”

पूर्ण वाक्य फॉर्मवर छापलेलं होतं. शून्य म्हणजे वेदना अजिबात नाही आणि दहा म्हणजे कल्पना करता येईल इतकी तीव्र वेदना. ते वाचलं की खेड्यातली माणसं गोंधळून तिच्या तोंडाकडे बघत बसायची, दुसऱ्यांदा वाचलं की अपराध्यासारखी हसायची. मग आठव्या-दहाव्या रुग्णापासून तिने ते सोडूनच दिलं होतं. आपल्या माणसांशी आपल्यासारखं बोलावं म्हणून ती फॉर्म मांडीवर घेऊन विचारायची, दहापैकी किती? आणि माणसं पटकन सांगायची. त्याचं तिला कौतुकही वाटायचं.

“हो मॅडम,” ती म्हणाली.

“मागच्या फॉर्ममध्ये असं आणखी कुठे झालं असेल?”

“नाही मॅडम. एखाद-दुसऱ्या ठिकाणी फार तर.”

आवाज सरळ आला, कुठे अडखळला नाही. बोलणं पुढे सरकलं. कुणी म्हणालं पट्टीऐवजी चेहरे काढा, नाथाजी म्हणाले आम्हाला काम विचारा, किती पावलं चाललो ते विचारा, आम्ही सांगू. दीक्षा सगळं लिहून घेत होती आणि तिला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. तिच्या कानात एकच शब्द एकाच आवाजात पुन्हा पुन्हा येत होता. दोन. बसका, दमलेला, थोडा ओशाळलेला आवाज. दोन, पोरी. आज दोन.

दुपारच्या गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. ती लोणंदला निघाली होती. आईला फोनवर नुसतं येते म्हणाली, का ते सांगितलं नाही, आणि आईनेही विचारलं नाही. किर्लोस्करवाडी गेली, ताकारी गेली, दोन्ही बाजूंना ऊस आणि मधूनच तोडलेल्या रानाचे काळे चौकोन. दोन वर्षांपूर्वी याच गाडीने ती रजा टाकून गेली होती, सदतीस दिवसांची. तिच्या वडिलांच्या, आबांच्या, लघवीच्या जागचा कॅन्सर मणक्यात उतरला होता आणि आता घरीच न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मॉर्फिनच्या गोळ्या होत्या, त्या कशा वाढवायच्या याचा कागद होता, आणि ती स्वतः होती, बारा वर्षं नर्स म्हणून काम केलेली. प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी शिकवतात ते तिला पाठ होतं: दुखणं किती हे रुग्ण सांगेल तेच खरं, आपला अंदाज त्यात घालायचा नाही. तिने एक वही केली. सकाळ, दुपार, संध्याकाळ. आबा, दहापैकी किती? आबा भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे, हाताची मूठ मिटलेली. जरा वेळ जायचा. मग म्हणायचे, दोन. कधी तीन. एकदा दीड म्हणाले तेव्हा तिने हसून दोन लिहिलं होतं. तीन किंवा त्याच्या खाली असेल तर गोळी वाढवायची नाही, असं कागदावर होतं. तिने वाढवली नाही. आपण भावनेच्या भरात वाहवत गेलो नाही, बापाच्या उशाशी बसूनही नर्सच राहिलो, याचा तिला आतून एक बारीक अभिमान होता. मूठ तिने पाहिली नव्हती असं नाही. मूठ पाहिली होती, कपाळावरचा घामही पुसला होता. पण माणूस स्वतःच्या तोंडाने दोन म्हणत होता. आणि तो माणूस तीस वर्षं रेल्वेच्या लाइनीवर पहारी घेऊन राबलेला, पायावर रुळाखालचा स्लीपर पडून नख गेलं तरी संध्याकाळी घरी येऊन जेवणाआधी कुणाला न सांगणारा. तिला वाटलं होतं, आबा दणकट आहेत. दुखणंसुद्धा त्यांच्यापुढे नमतं घेतंय.

कराडला डबा भरला, एक बाई तिच्या शेजारी पिशवी ठेवून बसली आणि लगेच झोपी गेली. वहीतलं एक पान सगळ्यांत वेगळं होतं. बुधवार होता. त्या दिवशी सकाळी आबांनी तिच्याकडे तोंड वळवलं होतं आणि न विचारताच म्हणाले होते, सात. दोनवरून एकदम सात. तिने कागद काढला, त्यात होतं तसं केलं, जादा गोळी दिली, आणि तासाभराने डोळे मिटेनात म्हणून अर्धी आणखी दिली. आबा गोळी घेताना काहीतरी म्हणत होते, नको गं आता, असं. दुखणारी माणसं तसं म्हणतातच. त्या दिवशी दुपारी औंधहून त्यांचे थोरले भाऊ तात्याबा आले, येतो म्हणून आदल्या दिवशी निरोप धाडून. अकरा वर्षांनी आले. आजी गेली तेव्हा तात्याबांनी निरोप उशिरा धाडला होता; आबा सालपे घाटात कामावर होते, पोचले तोवर चिता पेटलेली. आईचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस, एवढंच आबा बोलले, आणि पुढे अकरा वर्षं दोन भावांत शब्द नव्हता. तात्याबा बाजेशेजारच्या खुर्चीवर चार तास बसले, टोपी गुडघ्यावर ठेवून. आबा उठले नाहीत. पाच वाजता तात्याबांनी टोपी घातली आणि म्हणाले, उठायचंच नसंल त्याला. तेव्हा दीक्षाला ते बोलणं थकल्या माणसाचं वाटलं होतं. आता गाडी कोरेगाव सोडून घाटाकडे चढत होती, आणि तिला त्या वाक्यातला एकेक शब्द सुटा ऐकू येत होता.

पण या सगळ्याच्या पलीकडे एक आकडा होता आणि ती त्याच्याजवळ जात नव्हती. गाडी बोगद्यात शिरली, डब्यात अंधार झाला, काचेत तिचा चेहरा आला, आणि तो आकडा आपोआप समोर आला. शून्य. शेवटच्या सकाळी, वारले त्याच दिवशी, आबा म्हणाले होते, शून्य. तिने दोनदा विचारून खात्री केली होती. नक्की ना आबा? त्यांनी मान डोलावली होती. ती बाहेर येऊन आईच्या गळ्यात पडून रडली होती, सुटल्यासारखी. आणि पुण्यानुमोदनाला जमलेल्या पाहुण्यांना, रेल्वेतल्या जुन्या माणसांना, शेजाऱ्यांना तिने सांगितलं होतं: शेवटी आबांना काही म्हणजे काही दुखत नव्हतं. शून्य होतं.

रेल्वे फाटकाजवळच्या घरी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. तिची आई बनुबाई पायरीवर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होती. दीक्षाने पाय धुतले, पाणी प्याली, आणि आईच्या शेजारी बसून एक शेंग उचलली. कसं विचारायचं याची तिने गाडीत दहा वाक्यं केली होती. त्यातलं एकही आठवेना.

“आई, आबांना मी विचारायची ना, दहापैकी किती म्हणून?”

“व्हय.”

“ते काय समजून सांगायचे?”

बनुबाईंचे हात चालूच होते. “काय समजून म्हंजी? मार्कच की. तू साळंतनं आलीस का त्येच तुला दारातनं इचारायचं न्हाईत का, दहापैकी किती? आता पोरगी मला इचारती म्हनून पयल्यांदा हसलं बी हुतं. म्हनलं, आता आपली परीक्षा हाय.”

दीक्षाला ते आठवलं. आठवलं म्हणजे असं, की ते कधी विसरलंच नव्हतं, फक्त तिकडे बघितलं नव्हतं. खाकी पँट, पहारीने घट्टे पडलेले हात, दारात उभे आबा, आणि हातात पाटी घेऊन धावत येणारी ती. दहापैकी किती? आठ. बरं वाटलं, पोरी. तो प्रश्न त्यांचा होता. तिने तो त्यांच्याकडूनच घेतला होता आणि सदतीस दिवस त्यांनाच उलटा विचारला होता.

“तुला ठाऊक होतं,” ती म्हणाली.

“म्हंजी तुला नव्हतं?”

आता बनुबाईंचे हात थांबले. त्या लेकीकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू सरकत गेलं आणि दीक्षाला ते थांबवता येईना.

“मला वाटलं तुला ठाव हाय,” बनुबाई म्हणाल्या. “तू नर्स. त्ये दोन म्हनायचं, तू वहीत लिवायचीस आन् गप उठून जायाचीस. तू आंघुळीला गेलीस का त्ये टावेलाचं टोक दातात धरायचं. मी म्हनायची, आता वर काय करन्यासारखं ऱ्हायलं नसंल, म्हनून पोरगी गप हाय. मग शून्य म्हनलं तवा तू माझ्या गळ्यात पडून रडलीस. मला वाटलं, बापाचं हाल बघवंना म्हनून रडती. आन् मागनं समद्यास्नी सांगत ऱ्हायलीस, कायबी दुखत नव्हतं. म्हनलं, लोकांस्नी बरं वाटावं म्हनून सांगती. माझ्यासाठी सांगती. मीबी मग हूं म्हनत गेले.”

दोन वर्षं. दोन वर्षं ही बाई या घरात एकटी, ते शून्य घेऊन. आणि दर सणाला येऊन लेक त्याच शून्याने तिला समजावत होती.

“गोळ्या हुत्या का गं?” बनुबाईंनी विचारलं.

“होत्या.”

“मग जादा देता आल्या असत्या?”

‘नाही’ हा शब्द दीक्षाच्या जिभेवर आयता होता. सकाळी तिसऱ्या मजल्यावर तो किती सहज निघाला होता. तो उच्चारला की आईला ते जुनं दुःख तसंच राहील, निदान करण्यासारखं काही नव्हतं एवढा तरी आधार त्यात असेल. नाही म्हटलं तर आई तिच्यावर विश्वास ठेवील, हेही तिला माहीत होतं. समोरून लाइनीवरून एक मालगाडी जाऊ लागली आणि ती संपेपर्यंत दोघींनाही बोलता येणार नव्हतं. डबे संपता संपेनात. शेवटचा डबा गेला, फाटकाची घंटा थांबली.

“आल्या असत्या,” ती म्हणाली. “आठ दिवसांत त्यांना आराम पडला असता. मी उलटं समजले, आई.”

बनुबाईंनी सोललेले दाणे एका बाजूला केले, सालं पदरात गोळा केली, आणि उठून मागच्या दारी गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. दीक्षा बसून राहिली. तिला वाटलं, आता आई कधीच बाहेर येणार नाही. आली तरी ती आई नसेल. मग बनुबाई आल्या. तोंड धुतलेलं होतं, पदराचा ओला काठ हातात होता.

“घरात दोघी हुतो,” त्या म्हणाल्या. “मी तरी तुला तोंडानं कवा इचारलं, का गप हायस म्हनून?”

त्या पुन्हा पायरीवर बसल्या, लेकीला लागून. थोड्या वेळाने, जणू मागचंच बोलणं पुढे न्यावं तशा म्हणाल्या, “आन् सात म्हनलं त्या दिवशी तू निजवलंस. मला वाटलं, तात्याबा यायाचा म्हनून मुद्दाम. भांडन नको म्हनून. त्या दिशी लय दिवसांनी त्यांस्नी बरं वाटत हुतं. माझ्याकडनं दाढी करून घेतली हुती, तात्या यील म्हनून.”

दीक्षाने तिथूनच, पायरीवर बसूनच, मॅडमना फोन लावला. आई ऐकत होती, ऐकू दे असं तिला वाटलं. ती म्हणाली, मॅडम, सकाळी मी खोटं बोलले. एकशे अठरा फॉर्म आहेत. पहिले आठ-दहा सोडले तर एकालाही पूर्ण वाक्य वाचून दाखवलेलं नाही. कुणी सुलट सांगितलं, कुणी उलट, आता कळायला मार्ग नाही. मग मॅडम म्हणाल्या, “दीड वर्ष गेलं, दीक्षा.” आणि जरा थांबून, “त्यातल्या किती जणांच्या गोळ्या आपण त्या आकड्यावर कमी केल्या?” दीक्षा म्हणाली, एकवीस. ते तिने गाडीत मनाशी काढून ठेवलं होतं. “सोमवारी सकाळी आठला ये,” मॅडम म्हणाल्या. “आधी त्या एकवीस जणांना बोलवायचं. तुझं काय करायचं ते दवाखान्याची समिती ठरवील. आणि राहीबाईंना मी स्वतः फोन करते. त्यांचा फोन नंबर पाठव.”

रविवारी मायलेकी सकाळच्या गाडीने रहिमतपूरला उतरल्या आणि तिथून एसटीने औंधला गेल्या. जाऊ या का, असं कुणीच कुणाला विचारलं नव्हतं. दीक्षा चपला घालत होती तेव्हा बनुबाई पिशवी घेऊन उभ्याच होत्या. तात्याबांचं घर गावाबाहेर वस्तीवर. ते अंगणात बाजेवर बसले होते, ऐंशी पार केलेले, वाळून गेलेले, एका डोळ्यात फूल पडलेलं. त्यांनी दोघींना ओळखलं, सुनेला पाणी आणायला सांगितलं आणि मग दुसरीकडे बघत बसले.

“तात्या,” दीक्षा त्यांच्या पायाशी खाली बसून म्हणाली, “तुम्ही लोणंदला आला होता, त्या दिवशी आबा उठले नाहीत.”

“जुनं झालं त्ये. त्याची मर्जी.”

“मर्जी नव्हती. मी गोळी दिली होती झोपेची. म्हणजे दुखण्याची, पण जादा. चुकून दिली. त्यांना नको होती. ते तुमची वाट बघत होते.”

तात्याबांनी मान वळवली. ऐकू कमी येत असावं, कारण तिला तेच सगळं पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं, आणि मोठ्याने सांगताना त्यात काहीच लपवता येत नव्हतं. सून पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थबकली.

“दाढी केल्याली हुती,” तात्याबा म्हणाले. “मी बघितली की. कानाखाली साबन ऱ्हायला हुता. मला वाटलं, तुमी बायकांनी केली.”

“मी केली,” बनुबाई म्हणाल्या, “पर त्यांनी मागून घेतली. म्हनलं, तात्या म्हनंल, अवतार केलाय.”

“आणि सकाळी मला म्हणाले, सात,” दीक्षा म्हणाली.

“कशातलं सात?”

“दहापैकी. किती बरं वाटतंय ते. दहापैकी सात बरं वाटतंय म्हणाले. महिनाभरात तेवढे कधी म्हणाले नव्हते. दोन म्हणायचे, तीन म्हणायचे.”

म्हाताऱ्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

“दहापैकी सात,” ते म्हणाले. “माज्यासाठनं. लय झालं की गं. लय झालं.”

त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं, फूल पडलेल्यातूनही आलं. ते त्यांनी पुसलं नाही. कोंबड्या अंगणात फिरत होत्या, वस्तीच्या मागे कुणीतरी ट्रॅक्टर चालू करत होतं, तो चालू होत नव्हता. बनुबाईंनी सुनेच्या हातातला तांब्या घेतला आणि दिराच्या पुढे धरला. ते दोन घोट प्याले.

“आन् त्याच्या म्होरं?” तात्याबांनी विचारलं. “मी आलो तितनं म्होरं. किती म्हनायचा?”

दीक्षाने आईकडे पाहिलं. बनुबाईंनी नजर काढून घेतली नाही. त्या बाजेच्या कडेला टेकल्या आणि त्यांनी हलकेच मान डोलावली.

मग दीक्षाने सांगायला सुरुवात केली. गुरुवारी पाच. शुक्रवारी तीन. ती एकेक दिवस घेत गेली, मधला कुठलाही न गाळता, आणि म्हातारा प्रत्येक आकड्याला हूं म्हणत राहिला.